निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना आलेले साहेब

मी ३१ मे २०२५ रोजी शासकीय सेवेतून नियत वयोमानानुसार निवृत्त झाले. त्याआधीची जवळजवळ दोन वर्षं ज्या साहेबांच्या हाताखाली काढली, त्या काळाबद्दल हे लिहिते आहे. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणचं राज्य शासनाचं कार्यालय, एवढंच सांगते. खात्याचं आणि माणसांचं नाव मुद्दाम टाळलं आहे.

त्या दिवसांत रात्री झोप लागली नाही की मी फोनवर असल्या अनुभवांबद्दल शोधत बसायचे. सापडायचे ते सगळे खासगी कंपन्यांतले सल्ले: एचआरकडे जा, नोकरी बदला, दुसरीकडे अर्ज टाका. आमच्याकडे एचआर नसतो. छप्पन्नाव्या वर्षी दुसरी नोकरी मिळत नाही. आणि ज्या माणसाचा त्रास होतोय, त्याच माणसाच्या सहीने आपलं पेन्शनचं प्रकरण जायचं असतं. त्या वेळी मला जे वाचायला हवं होतं, ते आता लिहून ठेवते.

माझी कागदोपत्री जन्मतारीख १ जून १९६७. शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेली. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांची हीच तारीख आहे. महिन्याच्या एक तारखेचा जन्म असला की आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती, म्हणून ३१ मे. १९९१ साली लिपिक म्हणून लागले आणि टप्प्याटप्प्याने कार्यालय अधीक्षक झाले. जून २०२३ मध्ये नवे साहेब हजर झाले, तेव्हा माझी दोन वर्षं राहिली होती. त्याआधी काही महिने ते पद रिकामं होतं. अतिरिक्त कार्यभार शेजारच्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांकडे होता, ते आठवड्यातून एकदा यायचे आणि रोजचं कामकाज मी पाहायचे. त्यामुळे कर्मचारी असोत की बाहेरून आलेले लोक, सगळे सवयीने आधी माझ्या टेबलाशी यायचे. साहेब हजर झाल्यावरही ही सवय सुटली नाही. मला वाटतं, सुरुवात तिथून झाली. ते सरळसेवेतून आलेले, माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान, कामाला वेगवान. त्यांना वाटलं असावं की हे कार्यालय ही बाई चालवते. तसं मला कुणी कधी सांगितलं नाही, पण पुढे जे घडत गेलं ते याच धाग्यावर घडलं.

पहिल्या महिन्यात टेबल बदललं. मुख्य दालनातून मला अभिलेख कक्षाच्या दाराशी बसवलं. त्याचा लेखी आदेश नव्हता, शिपाई येऊन म्हणाला, "ताई, साहेबांनी सांगितलंय." मग आस्थापनेची, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सेवाविषयक कामाची, नस्ती (फाईल) माझ्यामार्फत न जाता थेट साहेबांकडे जाऊ लागली. सोमवारच्या आढावा बैठकीत सगळ्यांसमोर प्रश्न मलाच. "ई-ऑफिस तुम्हाला झेपत नाही, वय झालं, मान्य करा ना." वास्तविक ई-ऑफिसचं, म्हणजे संगणकावर फाईली हाताळायच्या पद्धतीचं, प्रशिक्षण मी घेतलेलं होतं आणि माझ्या लॉगिनला काही प्रलंबित नव्हतं. मी तसं म्हणाले. ते म्हणाले, "उलट उत्तर नको." रात्री साडेदहा-अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश यायचे, सकाळी नऊला माहिती हवी म्हणून, आणि ती दिली की कुणी पाहायचं नाही.

या सगळ्यापेक्षा मला जास्त लागलं ते डब्याचं. आम्ही पाच-सहा जणी वर्षानुवर्षं दुपारी एकत्र जेवायचो. जुलै संपता संपता एकेकीला काही ना काही काम निघायला लागलं. कुणी वाईट वागलं नाही. पण साहेबांच्या केबिनच्या काचेतून आमचं टेबल दिसतं, आणि प्रत्येकीच्या मागे घर, कर्ज, मुलांच्या फिया आहेत. मला त्यांचा राग आला, तो पुष्कळ दिवस टिकला, आणि आता नाही. तुमच्या बाबतीतही हे होईल. त्या वेळी कुणाला "तू माझ्या बाजूने आहेस का" असं विचारू नका. विचारलं की माणसाला उत्तर द्यावं लागतं, आणि दिलेलं उत्तर मग दोघांनाही जड जातं. मी विचारलं नाही, म्हणून त्यांच्यातल्या दोघी पुढे कागदपत्रं शोधायच्या वेळी कामाला आल्या.

ऑगस्ट २०२३ मध्ये पहिलं ज्ञापन (खुलासा मागणारं लेखी पत्र) आलं. अमुक तारखेला सकाळी ९.४५ वाजता आपण कार्यालयात उपस्थित नव्हता, तीन दिवसांत खुलासा सादर करावा, अन्यथा आपले काही म्हणणे नाही असे समजून पुढील कार्यवाही करण्यात येईल. तेवढ्या वर्षांच्या नोकरीत मी शेकडो ज्ञापनं टंकलेली होती, बाहेर पाठवलेली होती. माझ्या नावाचं हे पहिलं. हात थरथरत होते, हे सांगायला मला संकोच वाटत नाही. त्या दिवशी मी देयकाच्या कामासाठी कोषागारात होते आणि हालचाल नोंदवहीत तशी नोंद होती.

संध्याकाळी मी आमच्या जुन्या अधीक्षकांकडे गेले. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, सगळे त्यांना नाना म्हणतात. मी दोन पानांचा खुलासा लिहून नेला होता. त्यात माझी इतक्या वर्षांची सेवा, साहेबांचं बैठकीतलं बोलणं, टेबल हलवणं, सगळं होतं. नानांनी तो वाचला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, "बाई, त्यांनी काय विचारलंय? पावणेदहाला कुठं होता, एवढंच ना? मग तेवढंच सांगा. बाकीचं त्यांनी विचारलेलं नाही." शेवटी खुलासा चार ओळींचा झाला. अमुक दिनांकास कोषागार कार्यालयात शासकीय कामासाठी उपस्थित होते, हालचाल नोंदवहीतील पृष्ठ अमुक, अनुक्रमांक अमुक, छायांकित प्रत सोबत जोडली आहे, सविनय सादर. आवक शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतला. त्या ज्ञापनाचं पुढे काहीच झालं नाही.

तिथून पुढे माझी पद्धत ठरली. विचारलं तेवढ्याचंच उत्तर, मुदतीच्या आत, पुराव्यासह, आणि पोच घेतल्याशिवाय एकही कागद द्यायचा नाही. तोंडी आदेश आला की काम करायचं, पण त्याच दिवशी टिपणी ठेवायची: "मा. महोदयांनी आज दिलेल्या तोंडी निर्देशानुसार पुढीलप्रमाणे कार्यवाही केली आहे, अवलोकनार्थ सादर." यात उद्धटपणा काहीच नाही. वर्तणूक नियम १९७९ मधल्या नियम ३ मध्येच वरिष्ठांचे निर्देश शक्यतो लेखी घ्यावेत, आणि ते शक्य नसेल तर लवकरात लवकर लेखी दुजोरा घ्यावा असं आहे. अशा काही टिपण्या गेल्यावर तोंडी आदेशांची संख्या आपोआप कमी झाली.

घरी एक वही केली. तारीख, वेळ, कोण हजर होतं, नेमके कोणते शब्द वापरले. माझ्या भावना त्या वहीत लिहायच्या नाहीत असं ठरवलं. त्यांच्यासाठी दुसरी वही होती आणि ती कधीच फाडून टाकली. रात्रीच्या संदेशांचे स्क्रीनशॉट मुलीला ईमेल करून ठेवायचे, कारण फोन हरवतो, बिघडतो. कार्यालयाच्या मूळ नस्त्या किंवा गोपनीय कागद मात्र घरी आणू नका. आपल्याला मिळालेले आणि आपण दिलेले कागद, त्यांच्या प्रती, एवढंच आपलं.

दिवाळीच्या सुमारास तब्येत बोलायला लागली. पहाटे तीनला जाग यायची, छातीत धडधड. फॅमिली डॉक्टरांनी रक्तदाब वाढल्याचं सांगितलं, गोळी सुरू केली, ईसीजी आणि रक्ततपासणी मिळून हजार-बाराशे रुपये गेले. स्वेच्छानिवृत्तीचा विचार तेव्हा जोरात होता. आमच्या यांनी एकदाही "सोड" म्हटलं नाही आणि "सोडू नको"ही म्हटलं नाही. म्हणाले, "आकडे मांडू आणि मग ठरव."

आकडे असे होते. निवृत्तिवेतन नियम १९८२ च्या नियम ६६ प्रमाणे वीस वर्षांची अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा झाली की तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. मी १९९१ ची, म्हणजे १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची, त्यामुळे जुनी पेन्शन लागू. मूळ वेतन साठ हजारांच्या आसपास. निवृत्तिवेतन त्याच्या निम्मं, वर महागाई भत्ता. लगेच गेले असते तर उरलेल्या महिन्यांचा पगार आणि पेन्शन यांतला फरकच सात-आठ लाखांचा होत होता. शिवाय जुलै २०२४ ची वेतनवाढ बुडणार, म्हणजे आयुष्यभराची पेन्शन थोडी कमी, अंशराशीकरणाची (पेन्शनचा काही भाग एकरकमी घेण्याची) रक्कमही कमी. अर्जित रजा तीनशे दिवसांपर्यंत रोखीत मिळते, माझी तेवढी साठलेली नव्हती. वहीत हे सगळं मांडल्यावर मी आठवडाभर विचार केला आणि राहायचं ठरवलं. माझं ठरलं म्हणून तुमचंही तेच ठरावं असं नाही. ज्यांची प्रकृती खरोखर ढासळली आहे, त्यांनी सात-आठ लाखांकडे पाहू नये, मी मनापासून सांगते. फक्त निर्णय आकडे समोर ठेवून, शांत दिवशी घ्या. बैठकीतून रडत बाहेर आलेल्या दुपारी नोटीस टंकायला बसू नका.

डिसेंबरमध्ये मी टेलिमानसला फोन केला, १४४१६. केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची मोफत सेवा आहे, मराठीत बोलता येतं. पलीकडची मुलगी माझ्या मुलीपेक्षा लहान वाटली. तिने सल्ला फारसा दिला नाही, पण मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "दिवसातला कोणता तास तुम्हाला बरा जातो?" मला सांगता आला नाही. मग मी तो तास तयार केला. संध्याकाळी सव्वासहाला कार्यालय सुटलं की घरी जायच्या आधी स्टेडियमवर चालायचं आणि तेवढा वेळ फोन पिशवीत बंद. घरच्यांनी तक्रार केली, चहाला उशीर होतो म्हणून. मी तो तास सोडला नाही.

जानेवारी २०२४ मध्ये प्रादेशिक कार्यालयातल्या वरिष्ठांना भेटले. अर्ज न देता फक्त भेट. त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं थोडंच राहिलंय, सांभाळून घ्या." वाईट वाटलं, पण त्या भेटीचा एक उपयोग पुढे झाला, तो येईलच. संघटनेच्या जिल्हाध्यक्षांनी मोर्चा न्यायची तयारी दाखवली, ती मी नको म्हटली. माझ्या दिरांच्या ओळखीचे एक आमदार आहेत, "एक फोन करतो" म्हणाले, तेही नको म्हटलं. वर्तणूक नियमांत सेवेविषयक बाबींसाठी बाहेरचा दबाव आणायला मनाई आहे. त्या एका फोनने माझ्याविरुद्ध खरंखुरं कलम तयार झालं असतं.

बदलीचाही विचार करून झाला. बदल्यांच्या २००५ च्या अधिनियमाप्रमाणे बदल्या एरवी एप्रिल-मे मध्ये होतात. मध्येच करायची तर विशेष कारण लेखी नोंदवून वरच्या प्राधिकाऱ्याची मान्यता लागते. त्यामुळे "तुम्हाला उचलून किनवटला टाकतो" ही धमकी जेवढी बोलायला सोपी आहे तेवढी करायला नाही. शिवाय निवृत्तीला एक वर्षापेक्षा कमी काळ उरला की आहे त्या ठिकाणी कालावधी वाढवून मिळण्याची त्यात तरतूद आहे. मी तसा विनंतीअर्ज वेळेत देऊन ठेवला. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, गाव सोडणं शक्यच नव्हतं.

मग लोकसभेची निवडणूक आली. १६ मार्चला आचारसंहिता लागली आणि माझी नेमणूक निवडणुकीच्या कामासाठी झाली. लोक निवडणुकीच्या ड्यूटीला वैतागतात. मला ते आठवडे सुटीसारखे गेले. काम ढीगभर होतं, ऊन मरणाचं होतं, पण कुणी तरी "मॅडम, हे तुम्ही बघितलंय ना, मग झालं" असं म्हणत होतं. आपल्याला काम येतं, हे मला त्या आठवड्यांत परत पटलं. कार्यालयाबाहेरचं जे काही काम तुमच्या वाट्याला येईल ते अशा काळात आनंदाने घ्या.

खरी परीक्षा जुलै २०२४ मध्ये. यावेळी साधं ज्ञापन नव्हतं. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम १९७९ च्या नियम १० खाली दोषारोपाचं ज्ञापन. लेखापरीक्षणातल्या जुन्या परिच्छेदांचं (आक्षेपांचं) अनुपालन, म्हणजे उत्तर, सादर करण्यास अक्षम्य विलंब केला, असा आरोप. मुदत दहा दिवस.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी: नियम ८ खाली मोठ्या शिक्षेची चौकशी होते, चौकशी अधिकारी, साक्षीदार, उलटतपासणी, सगळं. नियम १० हा किरकोळ शिक्षांसाठी, म्हणजे ठपका, वेतनवाढ रोखणे वगैरे. त्यात तुमच्या लेखी निवेदनावर निर्णय होऊ शकतो. ज्ञापन हातात आलं की आधी कोणता नियम लिहिला आहे ते पाहा. मी पहिल्या रात्री ते न पाहताच "आता पेन्शन अडकणार" म्हणून जेवले नव्हते. दुसऱ्या दिवशी नाना निवृत्तिवेतन नियमांचं जुनं पुस्तक घेऊन घरी आले आणि नियम १३० उघडून दाखवला. निवृत्तीच्या वेळी विभागीय चौकशी चालू असेल तर तात्पुरतं निवृत्तिवेतन मिळतं आणि उपदान (ग्रॅच्युइटी) थांबतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच नियमाच्या परंतुकात (अपवादाच्या तरतुदीत), कार्यवाही नियम १० खालची आणि ठपक्यासारख्या किरकोळ शिक्षांसाठीची असेल तर उपदान देण्यास मोकळीक आहे. हे आमच्या कार्यालयात कुणालाच माहीत नव्हतं. ते चार-पाच ओळींचं परंतुक मी वहीत उतरवून घेतलं आणि त्या रात्री झोपले.

दहा दिवसांत मी एक पत्र दिलं: संबंधित नस्त्यांचं अवलोकन करू द्यावं आणि त्यानंतर निवेदनासाठी मुदत मिळावी. मुदत मिळाली, अवलोकन नाकारलं, कारण "सदर अभिलेख आपल्याच शाखेचे आहेत". माझी शाखा तर वर्षापूर्वीच काढून घेतली होती. मग माहितीचा अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज केला, त्यात फक्त टिपणी भागाच्या आणि आवक-जावक नोंदींच्या प्रती मागितल्या. "का", "कशासाठी" असे प्रश्न त्या अर्जात टाकू नका. जे कागद अस्तित्वात आहेत तेच मागा, नाहीतर अर्ज लोंबकळतो. तीस दिवसांची मुदत संपायच्या अगदी तोंडावर उत्तर आलं. दोन रुपये पानाप्रमाणे पावणेदोनशेच्या आसपास रुपये भरले. नाकारलं असतं तर वीस रुपयांचं स्टॅम्प लावून पहिलं अपील करायचं ठरवलं होतं, ते करावं लागलं नाही.

त्या पानांनी काम केलं. प्रत्येक परिच्छेदाचं अनुपालन माझ्या टेबलावरून कधी वर गेलं, त्याच्या तारखा माझ्या सहीखाली होत्या. साहेब हजर होण्यापूर्वीची दोन प्रकरणं प्रभारी अधिकाऱ्यांकडे थांबली होती. नंतरची तीन साहेबांकडे, एक तर चार महिन्यांहून जास्त. बदल्यांच्या त्याच अधिनियमाच्या कलम १० मध्ये कोणत्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं आहे. मला हे कलम मोठ्या अक्षरांत लिहायची फार इच्छा झाली होती. नानांनी आणि मी मिळून निवेदन लिहिलं, ते तीन पानांचं झालं. त्यात एक तक्ता: परिच्छेद क्रमांक, माझ्याकडे आल्याचा दिनांक, वर सादर केल्याचा दिनांक, परत आल्याचा दिनांक, पृष्ठ क्रमांक. कुणाकडे थांबलं हे वाक्यात कुठेही लिहिलं नाही. तारखा वाचणाऱ्याला ते दिसतच होतं. कलम १० फक्त एका ओळीत, "माझ्या स्तरावर विहित कालमर्यादेचे पालन झाले आहे" एवढ्यापुरतं.

यादरम्यान छत्रपती संभाजीनगरला जाऊन एका वकिलांना भेटून आले, मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) सेवाविषयक प्रकरणं चालवणाऱ्या. सल्ल्याचे दीड हजार, एसटीचं निम्मं तिकीट महिला सन्मान योजनेमुळे. त्यांनी सांगितलं ते सरळ होतं: आधी खात्यातले उपाय पूर्ण करा, अपील-निवेदनावर सहा महिन्यांत निर्णय झाला नाही तर न्यायाधिकरणात येता येतं, आणि त्यानंतर एक वर्षाची मुदत असते. "आज येऊ नका, पण तारखा लिहून ठेवा." प्रकरण घ्यायची संधी असूनही त्यांनी असं सांगितलं, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर आहे.

सप्टेंबरमध्ये २०२३-२४ च्या कार्यमूल्यमापन अहवालाची प्रत मिळाली. आयुष्यभर "अ" असणाऱ्या माझी प्रतवारी "ब-". शेऱ्यात "नवीन कार्यपद्धती स्वीकारण्याची मानसिकता नाही" असं. पूर्वी प्रतिकूल शेरे तेवढे कळवले जायचे, बाकीचे कपाटात राहायचे. २००८ साली देवदत्त विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे असा निर्णय दिला, म्हणून ही प्रत आपल्या हातात येते. ती आली की सोबतच्या पत्रात निवेदनाची मुदत पाहा आणि ती चुकवू नका. निवृत्तीच्या तोंडावर आता पदोन्नती थोडीच आहे, कशाला लिहायचं, असं तीन जणांनी मला सांगितलं. मी लिहिलं. तो अहवाल माझ्या नोकरीबद्दल शेवटी शेवटी लिहिलेला कागद होता. ई-ऑफिसमधला माझ्या लॉगिनचा निर्गतीचा अहवाल, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि निवडणूक कामाबद्दल मिळालेलं पत्र जोडलं. इथे जानेवारीतली ती भेट उपयोगी पडली. पुनर्विलोकन अधिकारी तेच होते, आणि मी अचानक उगवलेली तक्रारदार नव्हते.

विधानसभेच्या निवडणुकीत ऑक्टोबर-नोव्हेंबर गेला. डिसेंबर २०२४ मध्ये नियम १० च्या प्रकरणाचा आदेश आला: सादर केलेले निवेदन विचारात घेता प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे. एक ओळ, म्हणजे प्रकरण बंद. फेब्रुवारीत अहवालाची प्रतवारी "ब+" केल्याचं पत्र आलं. "अ" मिळाली नाही. मला ती मिळायला हवी होती असं आजही वाटतं.

पेन्शनचं काम या सगळ्याच्या बाजूने चालूच होतं, आणि माझा सगळ्यांत कळकळीचा सल्ला याच बाबतीत आहे. नियमाप्रमाणे निवृत्तीच्या दोन वर्षं आधीपासून तयारी सुरू व्हायला हवी आणि सहा महिने आधी प्रकरण महालेखापालांकडे जायला हवं. आपल्याकडे, मराठवाडा-विदर्भासाठी, ते नागपूरला जातं. साहेबांशी पटत नसेल तर यातला एकही दिवस वाया घालवू नका. मी २०२३ च्या पावसाळ्यातच सेवापुस्तक वेतनपडताळणी पथकाकडून तपासून घेतलं होतं. तेव्हा २००० च्या दशकातली एक वेतननिश्चिती चुकल्याचा आक्षेप निघाला, तो दूर करायला पाच महिने लागले. तो आक्षेप शेवटच्या सहा महिन्यांत निघाला असता तर मी हतबल झाले असते. नामनिर्देशनं, बँकेचं संयुक्त खातं, जोडप्याचे फोटो, ना-मागणी प्रमाणपत्र, सगळं मी स्वतः लावलं. आस्थापनेच्या मुलाला फक्त क्रम दाखवला. डिसेंबरचा आदेश येताच ना-चौकशी प्रमाणपत्रासाठी टिपणी ठेवली.

ती नस्ती साहेबांच्या टेबलावर थांबली. आठवडा गेला, दुसरा गेला. मी स्मरणपत्र दिलं नाही. सकाळी दहाला केबिनमध्ये जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "सर, माझं पेन्शनचं प्रकरण आपल्याकडे आहे. नागपूरला पाठवायची वेळ झाली आहे. काही शंका असेल तर मी सगळे कागद आणले आहेत." त्यांनी बराच वेळ नस्ती चाळली. मग म्हणाले, "तुमचं काम नीट असतं, हे मला माहीत आहे." आणि सही केली. हे वाक्य त्यांनी दीड वर्ष आधी म्हटलं असतं तर, असं मनात आलं. मी "धन्यवाद सर" म्हणून बाहेर आले. त्यांच्या मनात काय होतं ते मला कळलेलं नाही, आणि त्याचा अर्थ लावत बसायचं मी सोडून दिलं आहे.

मार्चमध्ये नागपूरहून नावाच्या स्पेलिंगबद्दल एक त्रुटी निघाली, राजपत्राची प्रत पाठवली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पेन्शनचा आदेश, उपदान आणि अंशराशीकरणाचे प्राधिकारपत्र कोषागारात आले. ३१ मे शनिवार, म्हणजे सुटी, त्यामुळे निरोप समारंभ शुक्रवारी ३० तारखेला झाला. साहेबांनी शाल-श्रीफळ दिलं आणि दोन वाक्यं बोलले. डब्याच्या मैत्रिणींनी पुरणपोळ्या आणल्या होत्या. उन्हाळ्यात, चाळीस अंशांत, पाच-सहा जणींनी आदल्या रात्री बसून केलेल्या.

पहिली पेन्शन जमा झाली, उपदान आलं, गटविम्याला थोडा उशीर लागला. रक्तदाबाची गोळी चालू आहे, मात्रा अर्ध्यावर आली. संध्याकाळचं चालणं आता सकाळी असतं.

कागदांची ती फाईल मी अजून ठेवली आहे. निवृत्तिवेतन नियमांच्या नियम २७ प्रमाणे निवृत्तीनंतरही शासनाच्या मंजुरीने विभागीय कार्यवाही सुरू करता येते, पण ती सुरू होण्याच्या आधीच्या चार वर्षांत घडलेल्या घटनेबद्दलच. म्हणजे माझ्या बाबतीत मे २०२९ पर्यंत. तोपर्यंत ज्ञापनं, खुलासे, पोचा, माहिती अधिकारातली पानं आणि नस्तीबद्ध केल्याचा आदेश, सगळं तारखेवार लावलेलं आहे, आणि फाईल कुठे ठेवली आहे हे यांना आणि मुलीला दाखवून ठेवलं आहे.